गोष्ट नको, प्रिंटवर बोला

खोली बघायला गेले तेव्हा नोकरीचा पुरावा म्हणून मी घरमालकांपुढे बदलीच्या आदेशाची प्रत ठेवली. त्यांनी ती उचलली, दारापाशी नेली, उजेडात धरली, मान जराशी डावीकडे कलती केली आणि म्हणाले, "तुमच्या ऑफिसातल्या मशीनचा टोनर संपत आलाय." कागदावर काय लिहिलं आहे ते त्यांनी वाचलंच नाही. मी कृषी सहायक आहे हे त्यांना बऱ्याच दिवसांनी कळलं, आणि तेही बायकोकडून.

मोताळा तालुक्यातलं ते बाजाराचं गाव. खाली त्यांचं बियाण्यांचं, खता-औषधांचं दुकान, वर ते दोघं नवरा-बायको, शेजारच्या दोन खोल्यांत मी, आणि मागे पत्र्याचं गोदाम. बीटी कापूस आल्यापासून घरची सरकी पेरायचं तिकडे बंदच झालं होतं. दरवर्षी नवं पाकीट. मे महिना संपत आला की दुकानापुढे रांग लागायची. घरमालक पाकिटं द्यायचे, पण त्यांचं लक्ष पाकिटावरच्या चित्राकडे.

"यंदा हिरवा रंग बोंडाच्या बाहेर सांडलाय बघा," ते म्हणायचे.

"भाऊ, रंगाचं जाऊ द्या ना. उगवन कशी हाय?"

"ते कंपनीला विचारा. मी छपाईवर बोलतोय."

सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, मीही म्हणू लागले. तरुणपणी ते पुण्याला शेतकी कॉलेजात होते. तिथून येताना पदवी आणली, पुणेरी मराठी आणली आणि एका इटालियन सिनेमाची आठवण आणली. पदवी फ्रेम करून दुकानात टांगली होती. तिचा त्यांना काही उपयोग झाला असं दिसलं नाही. मराठीने गिऱ्हाइकांची करमणूक व्हायची. सिनेमाच्या आठवणीवर मात्र त्यांनी पुढचं आयुष्य काढलं.

भाऊंच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या, चांगल्या प्रिंटच्या आणि खराब प्रिंटच्या. पुतणीच्या लग्नाची कॅसेट त्यांनी "नवरीच्या साडीचा रंग ओघळतोय" म्हणून चारदा परत पाठवली. शेवटी व्हिडिओवाल्याने त्यांच्या दुकानावरून जाणंच सोडलं. जेवताना म्हणायचे, "आज वरणाचा फोकस गेलाय." वहिनी शांतपणे मीठ पुढे सरकवायच्या. एकदा मला म्हणाल्या, "आमच्या लग्नात मधी अंतरपाट होता म्हनून निभलं, मॅडम. यायनं मले आधी उजेडात धरून पाह्यलं असतं तं मी आजून माहेरीच असती."

आता तो सिनेमा. काळा-पांढरा, महायुद्धाच्या काळातला. डोंगरातलं एक गाव, हिवाळा, बर्फ. परके सैनिक घराघरांतून धान्य उचलून नेत आहेत. गावाचं बेण्याच्या गव्हाचं एकच पोतं उरलं आहे आणि ते एका विधवा बाईच्या ताब्यात दिलं आहे. सैनिक दारात येण्याआधी ती कंदील घेऊन तळघरात उतरते. तो प्रसंग सगळ्या सिनेमाचा कळस आहे, असं भाऊ सांगत. पुढे सैनिक घर धुंडाळतात, त्यांना काही सापडत नाही. शेवटी वसंत ऋतू येतो, सगळं गाव शेताच्या कडेला उभं राहतं, घंटा वाजते, संपलं.

भाऊंनी हा सिनेमा पुण्यात एका फिल्म क्लबात पाहिला होता. "खऱ्या पडद्यावर, खऱ्या प्रिंटवर," असं ते प्रत्येक वेळी सांगत आणि 'खऱ्या' म्हणताना डोळे मिटत. गावी आल्यावर त्यांनी पुण्याच्या मित्राकडून त्याची कॅसेट मिळवली. ती कशाची तरी नक्कल, तीही आणखी कशाची तरी नक्कल. मग सीडी आली, ती जळगावहून. दोन तबकड्या, आणि वरची नावं उलटी चिकटवलेली, त्यामुळे पहिल्या खेपेला गावकऱ्यांनी युद्ध आधी संपताना पाहिलं आणि नंतर सुरू होताना. कोणी तक्रार केली नाही.

खेळ बाजाराच्या दिवशी दुपारी गोदामातल्या टीव्हीवर व्हायचा. बाजार आटोपलेला असायचा आणि जीप भरल्याशिवाय हलायची नाही. गोदामात पंखा होता, खाली बसायला रिकाम्या गोण्या होत्या आणि चहा फुकट होता. पत्र्याच्या भोकांतून ऊन आत यायचं म्हणून भाऊंनी तिथे बियाण्यांची रिकामी पाकिटं चिकटवली होती. सिनेमा तोच असायचा. लोक येत ते सावलीसाठी, आणि भाऊंना वाटे ते सिनेमासाठी.

फुकटातही एक अट होती. सिनेमा संपला की प्रत्येकाने उभं राहायचं, पूर्ण नाव आणि गाव सांगायचं आणि एका वाक्यात मत द्यायचं. मत प्रिंटवर. कोणी गोष्टीकडे वळला की भाऊ हात वर करत, "गोष्ट नको, प्रिंटवर बोला." मत झालं की माझ्याकडे वळून म्हणत, "मॅडम, नोंदवा." मला याद्या करायची सवय आहे. पेरणीच्या याद्या, फवारणीच्या याद्या, घरात डब्यांच्या याद्या. त्यात ही एक भर पडली.

कॅसेटच्या काळातलं एक मत मला पाठ आहे. जुनी फीत असल्यामुळे पडद्यावर वरून खाली सतत पांढऱ्या रेघा ओघळायच्या. कौसाबाई म्हणून एक म्हातारी होती, चार एकर कोरडवाहू एकटीच्या हिमतीवर करणारी. ती उभी राहिली, पदर सावरला आणि म्हणाली, "तिकडं पान्याचं लई बरं दिसते भाऊ. घरातबी पडून राह्यला!"

"पाऊस नाही तो, कौसाबाई. फीत घासली आहे."

"आसन. पन आपल्याकडं फीत काऊन घासत नाही मंग?"

शेजारी बसलेले रफिकभाई रजया भरायचे. पिंजलेल्या कापसाचे तंतू त्यांच्या भुवयांवर कायमचे वस्तीला आलेले. त्यांचं मत दर वेळी एकच असे, "भाऊ, पिक्चर अच्छी हाय, लेकिन धुलाई मांगती."

कॅसेटमध्ये तळघर त्या पावसातच बुडायचं. सीडीत पाऊस थांबला, पण अंधार आला. तळघराचा प्रसंग म्हणजे निव्वळ काळा पडदा. बाई कंदील घेऊन उतरायची, कंदिलाचा एक ठिपका दिसायचा, मग तोही गिळला जायचा. खालची इंग्रजी अक्षरं पांढरी, बर्फही पांढरं, तेव्हा तीही अर्धी गायब, आणि तळघराच्या जागी तर ती नकलेत उतरलीच नव्हती. अंधारात कोणीतरी विचारायचं, "आता काय करून राह्यली बाई?" आणि भाऊ गंभीर आवाजात सांगायचे, "बेणं भिंतीत लपवते आहे. दगड काढलाय तिने. आता पोतं आत सरकवते आहे. आता दगड परत बसवला." त्या काळ्या पडद्याकडे पाहत सगळं गोदाम दगड बसेपर्यंत श्वास रोखून धरायचं. शेवटच्या प्रसंगात शेत नुसतं झगमगायचं, आणि भाऊ म्हणायचे, "पीक!" मग लोक टाळ्या वाजवायचे.

एकदा सुधाकर म्हणाला, "भाऊ, तुमाले कसं दिसते बे सारं? आमाले तं तवा दिसून राह्यला." सुधाकर सहा एकरांचा शेतकरी, बारावीपर्यंत शिकलेला, तोंडाने फटकळ. लहानपणापासून भाऊंच्या दुकानात ये-जा, म्हणून 'बे' चालायचं.

"मी पुण्यात पाहिलाय," भाऊ म्हणाले. विषय संपला.

इटलीत म्हणे त्या सिनेमाची मूळ फीत धुऊन, पुसून, चौकट-चौकट दुरुस्त करून नवी तबकडी काढली होती. भाऊंनी ते कुठल्याशा मासिकात वाचलं आणि त्यांची झोप उडाली. ती आपल्याकडे मिळत नव्हती. "एकदा या लोकांना तळघर दिसलं पाहिजे, मॅडम," ते जिन्यात थांबवून मला सांगत. "मी सांगतोय म्हणून नव्हे, स्वतःच्या डोळ्यांनी."

त्याच उन्हाळ्यात एका बियाणं कंपनीचे साहेब आले. गळ्यात ओळखपत्र, हातात प्रोजेक्टर. नव्या वाणाची फिल्म त्यांनी आमच्याच गोदामात दाखवली. हिरवंगार कपाशीचं शेत, गुडघ्यापासून लगडलेली बोंडं, आणि मधोमध एक पांढऱ्या टोपीतला शेतकरी हसून सांगतो आहे की यासारखं बियाणं नाही. फिल्म संपली आणि भाऊ उठून उभे राहिले. त्यांना कोणी मत विचारलं नव्हतं.

"अप्रतिम," ते म्हणाले. "बोंडाच्या कडा पाहिल्यात? कुठे थरथर नाही. काळं ते काळं, पांढरं ते पांढरं!"

साहेब हुशार होते. चहा संपेपर्यंत त्यांना इटलीची सगळी हकीकत कळली. ज्या दुकानदारांचा खप चांगला होईल त्यांना कंपनी परदेशात फिरायला नेत असे. साहेब म्हणाले, "भाऊ, तुम्हाला फिरायचं नाही ना? आमचे एक अधिकारी युरोपात जातातच. तुमची तबकडी घेऊन येतील. तुम्ही एवढं वाण चालवा." आणि खिशातून पेन काढून टाचणावर तबकडीचं नाव लिहून घेतलं. भाऊंनी त्यांना नावाच्या खाली रेघही मारायला लावली.

वाणाचं माहितीपत्रक मी वाचलं होतं. त्या दिवशी जिन्यात मीच भाऊंना थांबवलं. "भाऊ, ही जात ओलिताची आहे. आपल्याकडे निम्म्याहून जास्त कोरडवाहू. इथल्या वावरात तुम्ही तिचं पीक पाहिलंय का?"

"फिल्ममध्ये पाहिलं की."

"फिल्ममधल्या शेताला पाणी असेल."

"पाईप दिसला का तुम्हाला?"

"चौकटीच्या बाहेर असेल."

"चौकटीच्या बाहेरच्या गोष्टीवर मी मत देत नाही," भाऊ म्हणाले. मग जरा मऊ होऊन, "मॅडम, इतकी स्वच्छ प्रिंट काढणारी माणसं बियाण्यात लबाडी करतील का?"

मी माझ्या परीने बांधाबांधावर सांगत फिरले. पण शेतकऱ्याला माझी बदली होणार हे माहीत होतं आणि भाऊ कुठे जाणार नाहीत हेही. भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा एका बियाण्यावर मत दिलं होतं. "कोरडवाहूला चालेल, डोळे मिटून घ्या," असं ते रांगेतल्या प्रत्येकाला सांगत होते. जो माणूस वरणाला चांगलं म्हणत नाही, त्याने चांगलं म्हटलं, म्हटल्यावर सुधाकरने सहाही एकरांत तेच लावलं. कौसाबाईने चारही.

पाऊस बेताचाच झाला. झाडं उंच वाढली, फोटोत चांगली दिसली असती. मग पात्या, म्हणजे बोंडं धरण्याआधीच्या कळ्या, गळायला लागल्या, पानांवर लाल्या रोग आला आणि दसरा उलटला तरी झाडावर मोजकी, सुपारीएवढी बोंडं. शेजारी ज्यांनी नेहमीचं वाण लावलं होतं त्यांचं कसंबसं निभत होतं. भाऊंच्या सल्ल्याची वावरं मात्र लांबून ओळखू यायची. लालभडक.

आणि नेमकी त्याच आठवड्यात तबकडी आली.

भाऊंनी ती आधी एकट्याने पाहिली नाही. हा त्यांचा संयम मला मान्य करायलाच हवा. बाजाराच्या दिवशी गोदाम गच्च भरलं. पण त्या दिवशी कोणी चहाला हात लावत नव्हतं. भाऊंनी मलमलीचा तुकडा काढला, तबकडी मधून बाहेर अशी पुसली आणि आत सरकवली.

बर्फाचा कण न् कण दिसला. बायकांच्या शालींची वीण दिसली. रफिकभाई हळूच म्हणाले, "या अल्ला, धुलाई हो गई." मग बाई कंदील घेऊन तळघरात उतरली. काळ्या पडद्यात आता एक खोली होती. खोलीत भिंती होत्या, पण कोणी दगड काढला नाही. कोपऱ्यात चूल होती. चुलीवर मोठं भांडं होतं. भांड्याभोवती पोरं बसली होती, गालफडं बसलेली, डोळे मोठे झालेली. बाईने पोत्याचं तोंड सोडलं आणि गावाचं बेणं त्या उकळत्या पाण्यात ओतलं. खाली अक्षरं आता स्वच्छ होती. ती वाचायचं काम भाऊंचं. ते मलमलीचा तुकडा हातात चोळत राहिले. तेव्हा मीच वाचून सांगितलं, "ती म्हणतेय, खा. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी."

म्हणूनच सैनिकांना काही सापडत नव्हतं. शेवटी वसंत आला, घंटा वाजली. शेत नांगरलेलं होतं आणि रिकामं होतं. कडेला सगळं गाव नुसतं उभं.

टाळ्या झाल्या नाहीत. भाऊ पडद्याकडे तोंड करून बसलेले. तसेच बसून ते म्हणाले, "पुण्यात माझ्यापुढे एक उंच मुलगा बसला होता." आणि पुढे, "तळघर मला नीट दिसलं नव्हतं, शेवटचं शेतही. बाई पोतं घेऊन खाली गेली, तर लपवायलाच गेली असणार, असं मी धरून चाललो."

सुधाकर उभा राहिला. पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं. म्हणाला, "प्रिंट एकदम साफ हाय." मग बसला नाही. "भाऊ, आता बियान्याचं बोला."

भाऊंनी सवयीने हात वर केला. हात तसाच खाली आला.

शेतकऱ्यांनी तक्रार केली, आणि तालुक्याची तक्रार समिती पंचनाम्याला आली ती सुधाकरच्या वावरात. समितीतले अधिकारी, विद्यापीठातले एक शास्त्रज्ञ, कंपनीचे तेच साहेब, आणि लिहायला मी. प्रश्न सरळ होता. शेतकऱ्यांनी ओलिताचं वाण स्वतःच्या हट्टाने कोरडवाहूत लावलं असेल तर दोष त्यांचा, तक्रार तिथेच निकाली. दुकानदाराने कंपनीच्या भरवशावर सांगून लावलं असेल तर तक्रार उभी राहणार. सगळं भाऊंच्या एका जबाबावर आलं होतं. साहेबांनी त्यांना आधी बांधाशी नेऊन समजावलं होतं, ते मला ऐकू येत होतं. "भाऊ, पावसाने खाल्लं म्हणा. लोकांनीच मागितलं म्हणा. पुढच्या वर्षीचा माल आमच्याकडूनच यायचाय, आणि इतर कंपन्यांचे लोकही आमचे मित्रच आहेत." आणि मग खांद्यावर हात ठेवून, "तबकडी छान आहे ना?"

अधिकाऱ्यांनी विचारलं, "दुकानदार, तुमचं काय म्हणणं?"

वावरात सगळे उभेच होते, तरी भाऊ आणखी उभे राहिल्यासारखे झाले. पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं. लाल झाडांकडे मान कलती न करता सरळ पाहिलं.

"या वाणाचं मी फक्त चित्र पाहिलं होतं, पीक पाहिलं नव्हतं, आणि तरी कोरडवाहूला चालेल असं मीच सगळ्यांना सांगितलं."

साहेब म्हणाले, "भाऊंना म्हणायचंय की पाऊसमान..."

"एका वाक्यात झालं माझं," भाऊ म्हणाले.

सुधाकर माझ्याकडे वळला. "म्याडम," तो म्हणाला, "नोंदवा."

मी नोंदवलं.

तक्रार वर गेली, आणि वर गेलेल्या गोष्टी जितक्या वेगाने खाली येतात तितक्याच वेगाने ती आली. काहींना थोडंफार मिळालं. भाऊंना माल मात्र पुढच्याच हंगामापासून मिळेनासा झाला. रांग समोरच्या दुकानात गेली. भाऊंच्या फळ्यांवर दोरखंड, फवारणीच्या पंपाचे वायसर आणि भेंडी-गवारीचं बी उरलं. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं. आता जेवताना वरनाकडं नीट पाह्यतात तरी."

माझी बदली व्हायच्या आधीच्या बाजाराला त्यांनी पुन्हा खेळ ठेवला. माणसं आली. चहाही प्यायली. भाऊंनी मलमल काढली, नवी तबकडी पुसायला घेतली, तोच कौसाबाई बोलली.

"थे नको, भाऊ. थे जुनी लावा. अंधाराची."

"कौसाबाई, ती खराब आहे. तिच्यात खरं काही दिसत नाही."

"हाव ना. म्हनूनच तं. तिच्यात बेनं वाचते."

"पण ते खरं नाही."

"वावरात खरं बोलले न तुमी? झालं," कौसाबाई म्हणाली. "इथं कायले पायजे?"

रफिकभाईंनी मान डोलावली. सुधाकर म्हणाला, "लावा बे भाऊ, जीप भरून राह्यली."

भाऊंनी नवी तबकडी वेष्टनात घातली, जुनी काढली, उजेडात धरली, डावीकडे मान कलती करून पाहिली. "फार खराब प्रिंट आहे हो," ते स्वतःशीच म्हणाले आणि ती लावली. बर्फात अक्षरं बुडाली. बाई कंदील घेऊन तळघरात उतरली, ठिपका विझला आणि सगळं गोदाम त्या काळ्या पडद्याकडे पाहत राहिलं.

"आता काय करून राह्यली बाई?" मागून कौसाबाईने विचारलं.

भाऊंनी वेष्टनातल्या नव्या तबकडीवर हात ठेवला.

"दगड काढतेय," ते म्हणाले.